नव्या साच्याचे पहिले नग

ओतकामाच्या शेडमध्ये नवी डाय पहिल्यांदा भट्टीजवळ बसते, त्या दिवशी सकाळचे पहिले काही नग कोणी तपासणीला पाठवत नाही. डाय उघडायची, नग काढायचा, बाजूच्या ढिगात टाकायचा आणि पुन्हा ओतायचं. तो ढीग नंतर परत भट्टीत जातो. एवढा पैसा घालून साचा करून घेतला आणि पहिलाच माल भंगारात, हे हिशेब ठेवणाऱ्याला पटायला जड जातं. ओतणाऱ्याला मात्र त्यात काही वावगं दिसत नाही. पहिलं धिरडं तव्याला चिकटलं म्हणून कोणी पीठ फेकून देत नाही, तसलाच हा प्रकार.

मापं बरोबर आहेत, धातू बरोबर आहे, माणूसही जुना आहे. मग चुकतं काय? साचा आकार देतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण आकार देता देता तो आत आलेल्या द्रव्याकडून काहीतरी काढूनही घेतो. धातूकडून उष्णता घेतो, मातीकडून पाणी घेतो. शिवाय पोकळीत आधीपासून बसलेल्या हवेला त्यानं वाट करून द्यावी लागते. किती घ्यायचं आणि किती वेगानं घ्यायचं, हे नव्या साच्याला अजून जमलेलं नसतं. साचा तयार करणं म्हणजे बहुतांशी हीच घेण्याची गती बसवणं. कोरून दिलेली पोकळी ही त्याची निम्मी तयारी.

हे समजून घ्यायला कोल्हापूरची शाहूपुरी सोयीची आहे. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापूरला आली आणि 1895 मध्ये शाहू महाराजांनी इथं नवी व्यापारपेठ वसवली, मुख्यतः गुळासाठी. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले. याच शाहूपुरीत कुंभार गल्ली आहे. गंगावेश आणि बापट कॅम्प यांच्या जोडीनं गणपतीच्या मूर्तींसाठी शहराला माहीत असलेली. आणि इथून चालत जाण्याच्या अंतरावर शिवाजी उद्यमनगर, जिथं उसाचे चरक, ऑइल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग दुरुस्त करता करता कोल्हापूरचा फाउंड्रीचा धंदा उभा राहिला. मोठ्या फाउंड्र्या आता शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले वसाहतीत गेल्या, पण उद्यमनगरच्या बोळांतून लेथचा आवाज गेलेला नाही. गूळ, माती, धातू: साच्यात जाणाऱ्या तीन निराळ्या वस्तूंचे व्यवहार एका फेरीत बघायला मिळावेत, अशा जागा फार नाहीत.

गुळाचं थोडक्यात सांगून टाकतो, कारण त्याचा साचा सगळ्यांत गरीब. काहिलीत रस 118 ते 120 अंश सेल्सिअसपर्यंत आटला की गुळव्या तो वाफ्यात ओतून घेतो आणि घोटतो. उष्णता काढून घेण्याचं बरंचसं काम इथं वाफाच करतो. साच्यात जाईपर्यंत पाक घट्ट व्हायला लागलेला असतो. साच्याला आतून ओलं फडकं लावतात, ते ढेप सुटून यावी म्हणून. घाई करून पातळ आणि फार गरम पाक साच्यात भरला तर ढेप बाहेरून धरते आणि मध्ये मऊ राहते. एवढ्या साध्या साच्यातही प्रश्न तोच: आतली उष्णता बाहेर कधी आणि कशी जाणार.

धातूंमध्ये शिशापासून सुरुवात करावी. ते 327 अंशांना वितळतं, म्हणजे लाकडाच्या विस्तवावरसुद्धा. तोंडातून ठासून भरायच्या बंदुका होत्या तेव्हा प्रत्येक बंदुकीच्या नळीचं माप थोडं वेगळं असायचं, म्हणून गोळीचा साचा बंदुकीसोबतच यायचा. दोन दांड्या, खिळीवर उघडणारे दोन ठोकळे, प्रत्येकात अर्धगोल पोकळी आणि वर ओतायचं भोक. गोळी निघाली की भोकातलं शेपूट कापायचं. बस, एवढंच यंत्र. पण साच्यात जे काही बिघडू शकतं, ते सगळं या मूठभर वस्तूत बघायला मिळतं. नव्या ठोकळ्यावर गंज धरू नये म्हणून लावलेलं तेल राहिलं असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, कारण तेलाची वाफ शिशाला भिंतीला टेकू देत नाही. ठोकळा थंड असेल तरी सुरकुत्याच पडतात. शिसं आत शिरता शिरता थिजतं आणि एकावर एक थर दिसतात. ठोकळा फार तापला तर गोळी लवकर धरत नाही आणि पृष्ठभाग धुरकट, दाणेदार निघतो. दोन ठोकळे घट्ट मिटले नाहीत तर मध्यावर पातळ कड येते. पोकळीला दिव्याची काजळी धरण्याची जुनी रीत होती. काजळीचा तो पातळ थर शिसं चिकटू देत नाही आणि उष्णताही थोडी अडवतो. (आज हा उद्योग हौसेनं करण्यासारखा नाही, हे सांगायला हवं. शिशाची धूळ आणि वाफ शरीरात गेली की हाडांत साठून राहते, आणि 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याविना दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे.)

महाराष्ट्रात शिसं साच्यात सर्वांत नजाकतीनं ओतलं गेलं, ते मात्र छापखान्यासाठी. मुंबईत 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी मूळचे टाइप ओतण्याच्या धंद्यातले, आणि निर्णयसागरचे देवनागरी खिळे देशभर नावाजले गेले. खिळ्याचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि थोडं कथील. अँटिमनीमुळे खिळा कठीण होतो आणि थिजताना आकसतो कमी, म्हणून अक्षराची कड धारदार राहते. तरी देवनागरीतल्या बारीक रेघा हा ओतणाऱ्याचा कसोटीचा भाग. रेघ जितकी बारीक तितका त्यात धातू कमी, आणि धातू कमी म्हणजे थंड भिंतीला लागताच तो थिजणार. हातसाच्यावर ओतणारा कारागीर म्हणून ओतता ओतता साच्याला वर एक झटका द्यायचा; त्या झटक्यानं रस थिजण्याआधी अक्षराच्या टोकापर्यंत पोचायचा. साच्याची घेण्याची गती बदलता येत नाही, तर भरण्याची गती वाढवा, असा हा तोडगा. मोठमोठी यंत्रं आली, धातूवर दाब देऊन तो साच्यात मारायला लागली, तरी त्यांनी केलं तेच.

आता ॲल्युमिनियम, म्हणजे कोल्हापूरच्या आजच्या धंद्यातली रोजची गोष्ट. शिरोलीत मेनन पिस्टन्ससारखे कारखाने इंजिनाचे पिस्टन करतात. पिस्टनचा धातू म्हणजे साधारण 12 टक्के सिलिकॉन असलेलं ॲल्युमिनियम. सिलिकॉनमुळे रस पातळ वाहतो आणि इंजिन तापल्यावर पिस्टन कमी फुगतो. हा रस 700 ते 750 अंशांना, कसलाही दाब न देता, नुसत्या वजनानं लोखंडी साच्यात उतरतो; म्हणून या पद्धतीला ग्रॅव्हिटी डाय कास्टिंग म्हणतात. तत्त्व शिशाच्या गोळीचंच, पण अडचण मोठी. एक किलो शिसं थिजताना जेवढी उष्णता सोडतं, त्याच्या सुमारे 16 पट एक किलो ॲल्युमिनियम सोडतं. ॲल्युमिनियम हलकं असल्यानं पोकळीच्या मापानं हिशेब केला तरी चौपट. ही सगळी उष्णता साच्याच्या भिंतींनी दर फेरीला प्यायची आणि पुढच्या फेरीआधी तिची विल्हेवाट लावायची.

टूलरूममधून आलेली नवी डाय दिसायला देखणी असते. पोकळी आरशासारखी घासलेली, सांधे असे की नख शिरत नाही. आणि त्या देखण्या भिंतींवर गंज धरू नये म्हणून फासलेलं तेल. हे तेल म्हणजे पहिला शत्रू. थिनरनं किंवा रॉकेलनं पुसलं तरी ते सांध्यांत, खिळींच्या भोकांत, पिनांच्या मागं राहतं आणि डाय तापली की हळूहळू बाहेर झिरपतं. म्हणून डाय पुसून झाली की गॅसच्या बर्नरनं सावकाश तापवतात आणि धूर निघायचा थांबेपर्यंत वाट बघतात. सावकाश यासाठी की जाड-पातळ भाग एकदम तापले तर डाय वाकते, आणि एकदा वाकलेली डाय पुन्हा घट्ट मिटत नाही.

मग हवेच्या वाटा. पोकळीत रस येतो तेव्हा तिथली हवा कुठंतरी जायला हवी. त्यासाठी डायच्या मिटणाऱ्या तोंडावर 0.1 ते 0.2 मिलिमीटर खोलीच्या बारीक चरी ओढलेल्या असतात. हवा यांतून सहज निसटते; रस निसटत नाही, कारण एवढ्या अरुंद चरीत शिरण्याआधीच त्याचा पृष्ठताण त्याला अडवतो आणि तेवढ्यात तो थिजतो. चरी मशीनच्या किसानं किंवा कोटिंगनं बुजल्या की हवा कोंडते आणि नगाचा एखादा कोपरा गोल, अर्धवट निघतो. नवखा माणूस अशा वेळी रस अजून गरम करतो. अनुभवी माणूस आधी चरी साफ करतो.

यानंतरचं काम मला सगळ्यांत रंजक वाटतं: कोटिंग. आरशासारखी घासलेली पोकळी बघून वाटतं की रस आता थेट तिच्यावर जाणार. तसं केलं तर दोन गोष्टी होतात. वितळलेलं ॲल्युमिनियम लोखंडाला लागलं की त्यात थोडं लोखंड विरघळवून घेतं आणि नग डायला चिकटतो. आणि उघडं लोखंड उष्णता इतक्या झपाट्यानं ओढून घेतं की रस पोकळी भरण्याआधीच थांबतो. म्हणून त्या देखण्या भिंतीवर मुद्दाम एक खरखरीत थर चढवायचा: पाण्यात कालवलेली शंखजिऱ्याची किंवा तशाच पांढऱ्या खनिजाची पूड, धरून ठेवायला सोडियम सिलिकेट. डाय साधारण 200 अंशांवर असताना हे मिश्रण फवारतात. डाय थंड असेल तर पाणी ओघळतं आणि रेघा पडतात. फार गरम असेल तर थेंब भिंतीला टेकण्याआधीच उडून जातात आणि पूड धरत नाही. बरोबर तापलेल्या डायवर फवारा पडला की चुर्र होऊन पाणी जातं आणि खडूच्या रंगाचा कोरडा थर मागं राहतो. थराच्या खरखरीतपणाचाही उपयोग होतो. रस त्याच्या उंचवट्यांवर टेकतो, खाचांमध्ये हवा राहते, आणि ती हवा उष्णतेला अडवते.

हा थर सगळीकडं सारखा द्यायचा नसतो, आणि डाय लावणाऱ्याचं कसब इथंच कळतं. ॲल्युमिनियम थिजताना आकारमानानं सुमारे 6 टक्के आकसतं. ही तूट भरून काढायला नगाच्या डोक्यावर जादा रसाचा साठा ठेवतात, त्याला रायझर म्हणतात. रायझर सगळ्यांत शेवटी थिजला पाहिजे. तो आधी थिजला तर खाली नगात पोकळी राहते आणि ती बाहेरून दिसतही नाही, मशीनवर कापताना उघडी पडते. म्हणून रायझरच्या भिंतीला कोटिंग जाड, नगाच्या भिंतीला पातळ, आणि जिथं धातूचा जाड गठ्ठा आहे तिथं तर कोटिंग खरवडून काढायचं, म्हणजे तिथली उष्णता लवकर जाईल. एकाच डायमध्ये, हाताच्या अंतरावर, कुठं उष्णता अडवायची आणि कुठं ओढून घ्यायची हे ब्रशनं आणि फवाऱ्यानं ठरतं. ड्रॉइंगवर यातलं बहुतेक काही लिहिलेलं नसतं.

पिस्टनच्या डायमध्ये आणखी एक गंमत असते. पिस्टन आतून पोकळ, आणि त्या पोकळीत पिनेसाठी दोन गठ्ठे आत आलेले. मग आतला लोखंडी गाभा, म्हणजे कोअर, सरळ वर ओढला तर त्या गठ्ठ्यांत अडकणार. म्हणून कोअर तुकड्यांचा करतात: मधला तुकडा आधी ओढायचा, मग बाजूचे तुकडे आत सरकवून काढायचे. यात वेळेचा मेळ नाजूक. ॲल्युमिनियम थंड होताना लांबीत सुमारे 1.3 टक्के आकसतं, म्हणजे 100 मिलिमीटरला 1.3 मिलिमीटर. बाहेरच्या भिंतीपासून नग त्यामुळे सुटतो, पण आतल्या कोअरला तोच नग आवळत जातो. लवकर ओढला तर नग अजून मऊ, फाटतो. उशीर केला तर कोअर निघत नाही. ही मधली काही सेकंदं प्रत्येक डायची वेगळी असतात आणि पहिल्या दिवशी ती शोधावी लागतात.

एवढं सगळं करून डाय 300 अंशांच्या आसपास नेतात, ओततात, आणि तरीही पहिले नग वाया जातात. बर्नरनं तापवलेली डाय वरून गरम असते, आतून तेवढी नसते. शिवाय सगळीकडे सारखी गरम असते, आणि नेमकं तेच नको असतं. प्रत्यक्ष रस ओतायला लागल्यावर जाड भागाजवळची भिंत जास्त तापते, पातळ भागाजवळची कमी. दर फेरीला रस जेवढी उष्णता देतो तेवढीच डाय हवेला आणि पाण्याच्या नळ्यांना देऊन टाकायला लागली की तिचं तापमान एका जागी खेळत राहतं. तोवरचे नग म्हणजे डाय तापवण्याचं इंधन. पहिल्या नगावर दोन बाजूंनी आलेला रस एकजीव न होता शिवण राहते. पुढं शिवण पुसट होते. मग नाहीशी होते. शेवटचा संशय कोटिंगच्या सुट्या पुडीचा असतो, तीही पहिल्या काही नगांबरोबर निघून जाते.

म्हणूनच जेवणाची सुट्टी झाली की पुन्हा पहिले पाढे. अर्धा तास डाय रिकामी बसली तर थंडावते, आणि सुट्टीनंतरचे पहिले नग पुन्हा ढिगात. चांगला कारागीर ओतण्याचा ताल मोडत नाही. ज्या शेडमध्ये एकाच हातानं एकाच लयीत काम चालतं, तिथं रिजेक्शन कमी असतं, आणि याचं श्रेय बरेचदा भट्टीला किंवा धातूला चुकून दिलं जातं.

पाण्याची भीती मात्र पहिल्या नगापासून शेवटच्या नगापर्यंत सारखीच. ओला पळा वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बुडवला तर पाण्याची एकदम वाफ होऊन रस अंगावर उडतो. भट्टीत टाकायचा प्रत्येक तुकडा, ढवळायची प्रत्येक सळी आधी भट्टीच्या कडेला तापवून घेतात ती यासाठीच. शिवाय ओलाव्यातला हायड्रोजन रसात विरघळतो आणि थिजताना बुडबुड्यांच्या रूपानं नगात अडकतो, ते वेगळंच.

बिडाकडे आलं की लोखंडी साचा बाजूला ठेवावा लागतो. बीड 1350 अंशांच्या आसपास किंवा वर ओततात. लोखंडी डाय ते फार दिवस सोसत नाही. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. बीड सावकाश थंड झालं तर त्यातला कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपानं वेगळा होतो आणि करडं, मशीनवर छान कापलं जाणारं बीड मिळतं. तेच बीड झपाट्यानं थंड केलं तर कार्बन लोखंडाशी बांधलेलाच राहतो आणि पांढरं, काचेसारखं कठीण नि ठिसूळ बीड होतं; त्यावर हत्यार चालत नाही. धातू तोच, पोकळी तीच. साच्यानं उष्णता किती वेगानं घेतली, एवढ्यावर वस्तूचा स्वभाव बदलतो. याचा उलटा फायदाही घेतात. कॅमशाफ्टचं जे टोक झिजणार तिथं वाळूच्या साच्यात लोखंडाचा तुकडा बसवतात, त्याला चिल म्हणतात. तेवढाच भाग पांढरा, कठीण होतो आणि बाकीचा दांडा मऊ राहतो.

म्हणून कोल्हापूरच्या बहुतेक फाउंड्र्या वाळूच्या. वाळू, बेंटोनाईट माती, कोळशाची पूड आणि तीन-चार टक्के पाणी. इथं साचा दर नगाला नवा आणि दर नगाला मोडायचा, त्यामुळे नवेपणाचा सगळा त्रास रोजच्या रोज. पाणी थोडं जास्त झालं की वाफ नगात शिरून ब्लोहोल पडतात. कमी झालं की साच्याची कड ढासळते. कोळशाची पूड जळून रसाच्या आणि वाळूच्या मध्ये वायूचा पातळ पडदा तयार करते आणि वाळू बिडाला चिकटत नाही. म्हणजे डायच्या पांढऱ्या कोटिंगचं काम इथं काळी पूड करते. बिडाची गोष्ट निघाली आहे म्हणून एक सांगतो: पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगर ओतायला दिल्या. जुन्या ओतकामाला भंगार म्हणणं बरोबर नाही, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

कुंभार गल्लीत भट्टीची धग नाही, पण हिशेब तोच. फक्त उष्णतेच्या जागी पाणी. शाडूच्या मूर्तीचा पारंपरिक साचा प्लास्टरचा. हा साचा मातीतलं पाणी पितो, आणि ते पिण्याची ताकद त्याला येते जास्तीच्या पाण्यातून. प्लास्टर ऑफ पॅरिसला घट्ट व्हायला वजनाच्या सुमारे 18.6 टक्के पाणी पुरतं. पण तेवढ्या पाण्यात ते ओतता येण्याजोगं होत नाही, म्हणून 100 किलोला 70 किलोच्या आसपास पाणी घालतात. प्लास्टर धरल्यावर जास्तीचं पाणी उडून जातं आणि त्याच्या जागी असंख्य बारीक छिद्रं राहतात. साच्याची तहान म्हणजे ही छिद्रं. पाणी कमी घालून साचा घट्ट, मजबूत करावा म्हणणारा माणूस त्याची पाणी पिण्याची ताकदच कमी करून बसतो.

मूळ मूर्तीवर साबणाचं घट्ट पाणी लावून तिच्यावर प्लास्टर ओततात, म्हणजे साचा सुटून येतो. तो साबण नव्या साच्याच्या आतल्या अंगाला राहतो आणि छिद्रं बुजवतो. पहिल्या एक-दोन वेळा दाबलेली माती म्हणून चिकट, बुळबुळीत निघते. ती परत मातीच्या ढिगात जाते, आणि जाताना साबण घेऊन जाते. फाउंड्रीतल्या पहिल्या नगांचं आणि या मातीचं काम एकच.

माती दाबण्यातही हवेचा हिशेब असतो. तिंबलेल्या शाडूची जाड पोळी करून ती आधी चेहऱ्यावर, म्हणजे साच्याच्या सर्वांत खोल भागात, अंगठ्यानं दाबतात आणि तिथून कडेकडे जातात. कडेकडून आत गेलं तर नाकाच्या किंवा सोंडेच्या टोकाशी हवा अडकते आणि मूर्ती सोंडेला खळगा घेऊन बाहेर येते. जाडी सगळीकडे सारखी ठेवतात, कारण जाड भाग उशिरा वाळतो, पातळ लवकर, आणि दोघांच्या सीमेवर तडा जातो; फाउंड्रीवाल्याला हे वाक्य जसंच्या तसं पटेल. थोड्या वेळात मातीचं पाणी प्लास्टरनं ओढलं की माती आकसते आणि साच्यापासून आपोआप सुटते. पुढचा आणि मागचा भाग खरवडून, पातळ चिखल लावून जोडतात. हात बहुधा वेगळ्या साच्यातले.

दिवसभर एकाच साच्यात काम केलं तर तिसरी-चौथी मूर्ती सुटायला वेळ घेते, कारण साच्याचं पोट भरलेलं असतं. इथं कोल्हापूरचा पाऊस आडवा येतो. आषाढ-श्रावणात, ऐन कामाच्या दिवसांत, साचे वाळत नाहीत. चुलीशेजारी ठेवून ते लवकर वाळवावेत असा मोह होतो, पण 50-60 अंशांच्या वर प्लास्टर स्वतःच्या रेणूंत बांधलेलं पाणी सोडायला लागतं आणि साच्याची कड भुसभुशीत होते. पंख्याचा वारा चालेल, विस्तव नको.

पीओपीच्या मूर्तींचा साचा मात्र काहीच काढून घेत नाही. तो रबराचा असतो: मूळ मूर्तीवर रबराच्या चिकाचे थरावर थर, मध्ये कापडाच्या पट्ट्या, आणि बाहेरून आधाराला घट्ट कवच. पीओपी रासायनिक क्रियेनंच घट्ट होतं, त्यासाठी साच्याची मदत लागत नाही. घट्ट होताना ते गरम होतं आणि किंचित फुगतं, म्हणून दागिन्याची रेघन्‌रेघ उमटते. रबर सोलून काढता येतं, त्यामुळे वळलेली सोंड आणि सुटे हात एकाच ओतात निघतात. वेग, हलकेपणा, नक्षी, सगळं पीओपीच्या बाजूचं. पाण्यात न विरघळणं तेवढं विरुद्ध बाजूचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 मध्ये पीओपी मूर्तींना मनाई करणाऱ्या सूचना काढल्या. 2025 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मूर्ती बनवायला वाट दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. या वादात मूर्तिकारानं सरळ शाडूकडे वळावं असं सांगणारे लोक साच्याचा विचार करत नाहीत. रबराच्या साच्यात माती दाबता येते, पण तिचं पाणी कुठंच जात नाही. ती उशिरा सुटते आणि पातळ जागी फाटते. माती बदलायची तर साचे बदलावे लागतात, वाळवायला जागा लागते, आणि कामाला काही महिने आधी हात घालावा लागतो.

हंगाम संपला की प्लास्टरच्या साच्याचे दोन्ही भाग एकमेकांवर मिटवून, दोरीनं बांधून ठेवतात. सुटे ठेवले तर ते वाळताना वाकतात आणि पुढच्या वर्षी सांधा जुळत नाही. लोखंडी डायचं जरा निराळं. हजारो वेळा तापून-थंड होऊन तिच्या पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं पडत जातं आणि ते नगावर उठून दिसायला लागतं. म्हणून ऑर्डर पूर्ण झाल्यावर शेवटचा नग रायझरसकट डायसोबत बांधून रॅकवर ठेवायची पद्धत आहे. पुढची ऑर्डर आली की आधी तो नग बघायचा. भेगा कुठपर्यंत आल्या आहेत आणि कोटिंग कुठं जाड दिलं होतं, हे त्याच्यावरून कळतं. मग डाय खाली उतरवायची, जुनं कोटिंग खरवडायचं, आणि पुन्हा बर्नर लावायचा.